प्रोलॅक्टिनोमा आहे आणि बाळाचा विचार चाललाय? आधी काय करायचं, मग काय करायचं

हा लेख कोणासाठी आहे ते आधी सांगते. पाळी महिनोन्महिने येत नाही, बाळ नसताना छातीतून दूध येतंय, रक्तात प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हॉर्मोन, वाढलेलं निघालं, मग एमआरआय झाला आणि रिपोर्टमध्ये पिट्युटरी ॲडेनोमा, म्हणजे पिट्युटरी ग्रंथीत गाठ, असं लिहून आलं, आणि त्यात घरी पाहुणे आले की "काय मग, गुड न्यूज कधी" हे चालूच, अशा बाईसाठी. मी या सगळ्यातून गेलेय. विक्रोळीला राहते, माझी गाठ १ सेंटीमीटरच्या थोडी वर होती, आज मुलगी शाळेत जाते आणि गाठ अजून आहे पण लहान होऊन गप्प पडलीय. मी डॉक्टर नाही, डोस आणि तारखा तुमचे डॉक्टरच ठरवणार, पण कुठल्या क्रमाने काय करायचं आणि कोणाला काय विचारायचं हे कोणी एका जागी सांगत नाही म्हणून लिहितेय.

सगळ्यात महत्त्वाचं वरच लिहिते. निर्णय दिवस राहायच्या आधी घ्यायचा. आधी घेतला तर कॉन्ट्रास्ट एमआरआय (शिरेतून औषध सोडून केलेला, गाठ स्पष्ट दिसते) करता येतो, गोळीने गाठ लहान करायला वेळ मिळतो, ऑपरेशन लागलंच तर तेही शांतपणे होतं. दिवस राहिल्यावर यातलं बरंचसं बंद होतं किंवा अवघड होतं. त्यामुळे "बघू, राहिलं की ठरवू" हे या आजारात चालत नाही.

१. नक्की काय झालंय ते समजून घ्या

पिट्युटरी ही मटाराच्या दाण्याएवढी ग्रंथी, मेंदूच्या खाली, नाकाच्या मुळामागे हाडाच्या एका खोबणीत बसलेली असते. तिच्यातल्या प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या पेशी वाढल्या की प्रोलॅक्टिनोमा होतो. हा कॅन्सर नाही, पसरत नाही. पण जास्त प्रोलॅक्टिनमुळे अंडं तयार होणं थांबतं, म्हणून पाळी जाते आणि दिवस राहत नाहीत. गाठ मोठी असेल तर दुसरा त्रास, कारण पिट्युटरीच्या बरोबर वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना क्रॉस होतात, गाठ वर सरकली की त्यांच्यावर दाब येतो आणि दोन्ही बाजूंच्या कडेचं दिसणं कमी होत जातं.

१० मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर मायक्रो, १० किंवा त्याहून मोठी असेल तर मॅक्रो. पुढचा सगळा निर्णय दोन गोष्टींवर आहे, गाठ केवढी आहे आणि डोळ्यांच्या नसांपासून किती लांब आहे. रिपोर्टमध्ये "ऑप्टिक कायझम", म्हणजे त्या नसा क्रॉस होतात ती जागा, अशी ओळ शोधा आणि डॉक्टरांना त्यावर बोट ठेवून विचारा.

आता एक मोठा घोळ. प्रोलॅक्टिन वाढलं म्हणजे गाठच असं नसतं. बायकांमध्ये मिलिलिटरला साधारण २५ नॅनोग्रॅमपर्यंत नॉर्मल धरतात, ४०-५० आलं तर कारण भलतंच असू शकतं. थायरॉइड कमी असेल तरी वाढतं, म्हणून टीएसएच, म्हणजे थायरॉइडची टेस्ट, हवंच. आणि गोळ्या! आपल्याकडे ॲसिडिटी झाली की केमिस्टकडून पॅन्टोप्राझोल आणि डॉमपेरिडोन एकत्र असलेली कॅप्सूल सर्रास घेतात, काही जणी तर रोज सकाळी चहाच्या आधी. त्यातलं डॉमपेरिडोन प्रोलॅक्टिन वाढवतं. लेव्होसल्पिराइड, मेटोक्लोप्रामाइड, मानसिक आजारावरच्या काही गोळ्या, यांनीही वाढतं. तर पहिल्या व्हिजिटला घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या, नावं आठवत बसू नका. मात्र मानसिक आजारावरची गोळी स्वतःहून बंद करायची नाही, ते दोन्ही डॉक्टरांनी बोलून ठरवायचं असतं.

अजून एक, पाळी अगदी व्यवस्थित आहे, दूध वगैरे काही नाही आणि तरी प्रोलॅक्टिन जास्त आलंय, तर मॅक्रोप्रोलॅक्टिनची टेस्ट करायची का हे विचारा. काही जणींच्या रक्तात प्रोलॅक्टिनचे मोठे गठ्ठे असतात, टेस्टमध्ये आकडा फुगतो पण शरीरावर फारसा परिणाम नसतो, आणि उगाच वर्षानुवर्षं गोळ्या चालू राहतात.

२. योग्य डॉक्टर गाठा

मुख्य डॉक्टर एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हॉर्मोनचे डॉक्टर. आपल्यापैकी बहुतेक जणी आधी गायनॅककडे जातो कारण तक्रार पाळीची असते, त्यात चूक काही नाही, पण गाठ निघाल्यावर एंडोकडे जायलाच हवं आणि बाळाचा विचार असेल तर एंडो आणि गायनॅक दोघांनी एकमेकांचं लिहिलेलं वाचायला हवं. माझ्या बाबतीत एका नर्सिंग होममध्ये प्रोलॅक्टिन न तपासताच अंडं तयार व्हायच्या गोळ्या सुरू केल्या होत्या, त्यात बरेच महिने गेले. म्हणून सांगते, पाळी येत नाही आणि कोणी थेट फर्टिलिटीच्या गोळ्या किंवा आयव्हीएफ सुचवत असेल तर आधी शांतपणे विचारा, "माझं प्रोलॅक्टिन आणि टीएसएच बघितलंय का?" प्रोलॅक्टिन नॉर्मल झालं की बऱ्याच जणींना त्यातलं काही लागतच नाही.

मुंबईत परळच्या केईएमला एंडोक्रायनॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे, नायर, सायनसारखी पालिकेची बाकी मोठी हॉस्पिटल्स आहेत, प्रायव्हेटमध्ये तर बरेच आहेत. पालिकेच्या हॉस्पिटलला जायचं तर सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढायचा, ओपीडी कुठल्या वारी असते ते आधी विचारून ठेवायचं कारण एंडोची ओपीडी रोज असेलच असं नाही. डबा आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवा, अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून भागत नाही. गर्दी आहे, बसायला जागा मिळेलच असं नाही, पण एक सांगते, तिथल्या रेसिडेंट डॉक्टरांनी अशा केसेस भरपूर बघितलेल्या असतात आणि ते प्रश्न विचारले तर नीट समजावतात. मला बाकावर बाजूला बसलेल्या बायकांकडूनही खूप कळलं.

न्यूरोसर्जनकडे सगळ्यात आधी पळू नका. बाकीच्या बऱ्याच गाठींना ऑपरेशन हाच पहिला उपाय असतो, प्रोलॅक्टिनोमाला बहुतेक वेळा गोळी हा पहिला उपाय आहे.

३. फाइल बनवा

एकच जाड फाइल, प्लॅस्टिकची पाकिटं असलेली, आणि तारखेप्रमाणे लावलेली. यात काय काय हवं:

- प्रोलॅक्टिनचे आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट, आणि पहिल्या पानावर तारीख, आकडा, तेव्हा गोळीचा डोस असा हाताने लिहिलेला तक्ता
- टीएसएच, टी४, सकाळचं कॉर्टिसॉल, कॅल्शियम, हिमोग्लोबिन, शुगर, क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट)
- एमआरआयचा रिपोर्ट आणि फिल्म किंवा सीडी. नुसता रिपोर्ट पुरत नाही, पुढच्या एमआरआयला जुन्याशी तुलना करायला चित्रं लागतात
- डोळ्यांच्या फील्ड टेस्टची (कडेचं किती दिसतं त्या टेस्टची) प्रिंट
- सोनोग्राफी, आणि नवऱ्याचा सीमेन रिपोर्ट
- पाळीच्या तारखा, साध्या कॅलेंडरवर चालतील
- जुने केस पेपर, डिस्चार्ज कार्ड
- आधार कार्ड, रेशन कार्ड, इन्शुरन्स पॉलिसी, प्रत्येकी दोन-तीन झेरॉक्स

सगळ्याचे फोटो काढून नवऱ्याच्या फोनमध्येही ठेवा. पावसाळ्यात फाइल भिजते, वरून पिशवी हवीच.

४. टेस्ट नीट करून घ्या

प्रोलॅक्टिन ताणाने वाढतं. आठच्या लोकलमधून चेंगरून उतरून धावत लॅबमध्ये जाऊन हात पुढे करू नका. उठून दोन-तीन तास झालेले असावेत, लॅबमध्ये थोडा वेळ शांत बसा, मग रक्त द्या. शक्यतो दर वेळी एकच लॅब ठेवा. आणि गाठ मोठी दिसतेय पण आकडा त्या मानाने फारच कमी आलाय असं असेल तर सॅम्पल डायल्यूट करून परत बघायला हवं का हे डॉक्टरांना विचारा, खूप जास्त प्रोलॅक्टिन असलं की मशीन कधी कधी फसतं आणि कमी दाखवतं.

एमआरआय "पिट्युटरीचा, कॉन्ट्रास्टसह" असा लिहून घ्या. साध्या ब्रेनच्या एमआरआयमध्ये ४-५ मिलिमीटरची गाठ सुटू शकते. त्याआधी क्रिएटिनिनचा रिपोर्ट मागतात आणि किती तास उपाशी राहायचं ते सेंटरवाले सांगतात. दिवस राहिलेले नाहीत याची खात्री करूनच जा. मंगळसूत्र, बांगड्या, कानातले, साडीच्या पिना, केसातले क्लिप, सगळं काढायला लागतं. जोडवी घट्ट बसलेली असतील तर आदल्या रात्री घरीच साबण लावून काढून ठेवा, तिथे नंबर आल्यावर ती निघत नाहीत, बाहेर रांग खोळंबलेली असते आणि आपल्याला रडू येतं. आत आवाज खूप मोठा असतो, डोकं जाळीसारख्या फ्रेममध्ये असतं, डोळे आत जायच्या आधीच मिटून घ्या. पालिकेच्या हॉस्पिटलमध्ये एमआरआय स्वस्तात होतो पण तारीख लांबची मिळू शकते, तर प्लॅनिंगमध्ये तो वेळ धरा.

मॅक्रो असेल तर डोळ्यांची फील्ड टेस्ट, पेरिमेट्री म्हणतात. हनुवटी टेकवून एका अर्धगोल भांड्यासारख्या मशीनमध्ये बघायचं, एक डोळा झाकलेला, मधल्या दिव्यावर नजर ठेवायची आणि कडेला कुठेही बारीक ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. बरेच ठिपके इतके पुसट असतात की दिसतच नाहीत, तेव्हा घाबरायला होतं की नजर गेली, पण टेस्ट तशीच बनवलेली असते, सगळ्यांनाच बरेचसे दिसत नाहीत. झोप झालेली असताना करा, थकून केली तर रिपोर्ट बिघडतो. दिवस राहायच्या आधीची ही प्रिंट पुढे फार कामाला येते, कारण नंतर काही फरक पडला तर तुलना कशाशी करणार?

५. गोळी

कॅबरगोलिन बहुतेक जणींना देतात, आठवड्यातून साधारण दोनदा, सुरुवात कमी डोसने. ब्रोमोक्रिप्टिन जुनी गोळी, ती रोज घ्यायची असते. कॅबरगोलिन रात्री जेवून झोपायच्या आधी घेतली की मळमळ कमी जाणवते, सकाळी पलंगावरून एकदम उठू नका, आधी बसा, मग उभं राहा, चक्कर येते. वार ठरवून घ्या, मी मंगळवार आणि शनिवार धरले होते, कॅलेंडरवर टिक करायचे.

इथे एक सापळा आहे तो नीट वाचा. गोळीने मळमळतं म्हणून केमिस्टकडे गेलात तर तो उलटीची गोळी म्हणून डॉमपेरिडोन देईल. ती या गोळीच्या बरोबर उलट काम करते. मळमळ फार असेल तर एंडोला फोन करा, डोस बदलतात.

क्वचित काही जणींचा या गोळीने स्वभाव बदलतो, खूप चिडचिड, उदासी, किंवा खरेदीचा नाही तर ऑनलाइन पत्त्यांचा नाद लागतो, थांबवताच येत नाही. घरात एकाला तरी हे सांगून ठेवा म्हणजे त्यांच्या लक्षात येईल. मोठ्या डोसवर बरीच वर्षं असाल तर हृदयाची इको करायची का तेही विचारा.

आणि पाळी परत यायची वाट बघून मग काळजी घेऊ असं करू नका. गोळी सुरू झाली की पहिल्या पाळीच्या आधीच अंडं तयार होऊ शकतं, म्हणजे पाळी न येताच दिवस राहू शकतात. डॉक्टर "आता चालेल" म्हणेपर्यंत कंडोम वापरा.

६. आता निर्णय

यावर सगळ्यात जास्त लिहितेय कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे.

प्रेग्नन्सीत इस्ट्रोजेनमुळे प्रत्येकच बाईची पिट्युटरी मोठी होते, गाठ नसली तरी. प्रश्न इतकाच की तुमच्या गाठीला वाढायला जागा आहे का.

मायक्रो असेल, तर प्रेग्नन्सीत त्रास होण्याइतकी गाठ वाढण्याची शक्यता १०० पैकी २-३ जणींना. हे वाचून घरी दाखवा. मायक्रो असलेल्या बाईने केवळ गाठीमुळे बाळाचा विचार सोडायचं काही कारण नाही, गोळीने प्रोलॅक्टिन नॉर्मल, पाळी नियमित, की ट्राय करायला हरकत नसते.

मॅक्रो असेल आणि आधी ऑपरेशन किंवा रेडिएशन झालेलं नसेल, तर शक्यता बरीच जास्त, साधारण ५ पैकी १ किंवा त्याहूनही थोडी वर. म्हणून इथे घाई करायची नाही. गोळीने गाठ लहान होऊन डोळ्यांच्या नसांपासून लांब गेली आहे हे नव्या एमआरआयवर दिसलं पाहिजे, त्याला काही महिने लागतात, कधी वर्ष किंवा जास्त. माझी १ सेंटीमीटरच्या खाली आल्यावर एंडोने हो म्हटलं. तो थांबायचा काळ मला फार जड गेला, आजूबाजूला सगळ्यांची डोहाळजेवणं चालू होती. पण त्यामुळेच पुढचे नऊ महिने बरेच शांत गेले हेही खरं.

मॅक्रो आहे आणि गोळीने लहान होत नाही, किंवा गोळी सहनच होत नाही, तर दिवस राहायच्या आधी ऑपरेशनचा विचार करतात, नाकातून दुर्बिणीने करतात, कवटी उघडत नाहीत. आधी ऑपरेशन झालेल्या बायकांमध्ये प्रेग्नन्सीत गाठ त्रास देण्याचं प्रमाण १०० पैकी ५ च्या आसपास येतं. पण ऑपरेशनमध्ये नॉर्मल पिट्युटरीला धक्का लागला तर बाकीचे हॉर्मोन कमी पडू शकतात, आणि मग दिवस राहायलाच मदत लागू शकते. त्यामुळे सर्जनला सरळ विचारायचं, तुम्ही पिट्युटरीची ऑपरेशन्स नेहमी करता का. हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. हे ऑपरेशन ज्यांचा हात बसलाय त्यांच्याकडेच करायचं असतं.

एंडोला विचारायचे प्रश्न लिहूनच न्या, आत गेल्यावर आठवत नाहीत:
माझी गाठ आत्ता केवढी, नसांपासून किती लांब? ट्राय सुरू करायच्या आधी अजून एक एमआरआय हवा का? कुठली गोळी चालू ठेवायची, कॅबरगोलिन की ब्रोमोक्रिप्टिन? दिवस राहिल्याचं कळल्यावर गोळी त्याच दिवशी थांबवायची की तुमच्याशी बोलून? रात्री-बेरात्री डोकं दुखलं, दिसेनासं झालं तर कुठे जायचं? बाकीचे हॉर्मोन ठीक आहेत का? घरात कोणाला पिट्युटरीची गाठ, कॅल्शियम वाढणं किंवा वारंवार मुतखडा आहे का तेही तुम्ही सांगा, बहुतेक प्रोलॅक्टिनोमा घराण्यातून येत नाहीत पण क्वचित एक अनुवंशिक प्रकार असतो.

"गोळीमुळे बाळात व्यंग येईल का" हा प्रश्न मला रात्री झोपू द्यायचा नाही. ब्रोमोक्रिप्टिन घेताना दिवस राहिल्याच्या ६,००० हून जास्त केसेसची नोंद आहे, कॅबरगोलिनची माहिती त्याहून कमी पण तीही शेकड्यांनी आहे, आणि सुरुवातीचे काही आठवडे गोळी पोटात गेल्यामुळे व्यंग किंवा गर्भपात वाढल्याचं त्यात दिसलेलं नाही.

आणि मूल नको हाही निर्णय आहे, किंवा आत्ता नको, किंवा दत्तक घेऊ. दत्तकासाठी केंद्र सरकारच्या 'कारा'च्या वेबसाइटवर नाव नोंदवायचं असतं, वाट मोठी असते. मला एवढंच वाटतं की "गाठ आहे म्हणून नको" असं घाबरून ठरवू नका आणि "लोक विचारतात म्हणून हवं" असंही ठरवू नका. माहिती घेऊन दोघांनी बसून बोला, एकदा नाही, बऱ्याचदा.

७. घरच्यांना कसं सांगायचं

मेंदूजवळ गाठ म्हटलं की घरात रडारड सुरू होते. मी सासूबाईंना थेट ओपीडीला घेऊन गेले. डॉक्टरांनी केस पेपरच्या मागे पेनाने नाक, त्यामागे पिट्युटरी आणि वर डोळ्यांच्या नसा काढून दाखवल्या, म्हणाले, "आजी, ही गाठ पसरणारी नाही, सूनबाईला मूल होऊ शकतं, फक्त मी सांगेन तेव्हा." त्या दिवसापासून सासूबाईच बाकीच्यांना उत्तर द्यायला लागल्या, "डॉक्टरांनी थांबायला सांगितलंय, झालं तर मग." माझं दहा वेळा सांगणं आणि डॉक्टरांचं एकदा सांगणं यात फार फरक पडतो. आई, सासू, नणंद, ज्यांचा शब्द घरात चालतो त्यांना एकदा घेऊन जाच.

नवऱ्याची सीमेन टेस्ट याच काळात करून घ्या. साधी टेस्ट आहे. बाईत गाठ निघाली की सगळं कारण तिच्यावर ढकलून मोकळे होतात आणि दुसरीकडचं काही असेल ते वर्षभर कळत नाही.

काढे, नाकात टाकायचे थेंब, कुठल्या तरी बाबाची पुडी, हे प्रेमापोटी सुचवणारे लोक भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नका, पण गोळी बंद करू नका आणि पुडी घेऊ नका, आत काय असतं कोणाला ठाऊक.

८. पैसे आणि नोकरी

पटकन सांगते. मेडिक्लेम घेताना गाठ लपवू नका, क्लेमच्या वेळी अडकाल. आधीपासूनच्या आजाराचा वेटिंग पिरियड २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३ वर्षं असू शकतो, मॅटर्निटीचा वेटिंग पिरियड वेगळा असतो, तो पॉलिसीत वाचा. ऑफिसची ग्रुप पॉलिसी असेल तर एचआरला लेखी विचारा. सरकारी योजनेत, म्हणजे महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत, तुमचं ऑपरेशन बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा.

नोकरी करत असाल तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने आहे, आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असलं पाहिजे. प्रेग्नन्सीमुळे आजारपण आलं तर डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर अजून एक महिना मिळू शकतो, हे बऱ्याच एचआरना माहीत नसतं.

९. ट्राय करताना

फॉलिक ॲसिड निदान महिनाभर आधी सुरू करा. थायरॉइड, शुगर, हिमोग्लोबिन बघून घ्या. पाळी काही महिने नियमित आल्यावर ट्राय करणं चांगलं, म्हणजे चुकली की लगेच कळतं. पाळी ठरल्या दिवशी आली नाही की चार दिवसांत घरीच टेस्ट करा, "बघू अजून आठवडा" नको, कारण गोळीचा निर्णय त्यावर असतो. प्रोलॅक्टिन नॉर्मल आहे, पाळी येतेय आणि तरी वर्षभरात राहिलं नाही, वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांत, तर मग फर्टिलिटीवाल्यांकडे जा, पण एंडोची चिठ्ठी घेऊन.

१०. दिवस राहिले

टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी एंडोला कळवा. हॉर्मोनच्या डॉक्टरांच्या एंडोक्राइन सोसायटी या संस्थेची २०११ ची गाइडलाइन सांगते की दिवस राहिल्याचं कळताच गोळी थांबवायची, मात्र मोठी गाठ नसांच्या जवळ असेल आणि ऑपरेशन झालेलं नसेल तर काही जणींना चालू ठेवतात. म्हणून तुमच्यासाठी काय ते आधीच लिहून घेतलेलं असलं की त्या दिवशी धावपळ होत नाही.

प्रेग्नन्सीत प्रोलॅक्टिन तपासायचं नाही. ते सगळ्यांचंच दहापटीपर्यंत वाढतं, आकड्यावरून गाठीचं काहीच कळत नाही. एखाद्या पॅकेजमध्ये ती टेस्ट असेल तर काढून टाकायला सांगा, नाहीतर ३०० आकडा बघून घरात हाहाकार होतो. रुटीन एमआरआयही करत नाहीत, त्रास झाला तरच, आणि तोही कॉन्ट्रास्टशिवाय.

मायक्रो असेल तर दर तीन महिन्यांनी एंडोला भेटणं बहुतेक वेळा पुरतं. मॅक्रो असेल तर फील्ड टेस्ट ठरावीक काळाने, किती दिवसांनी ते डॉक्टर सांगतील.

लगेच हॉस्पिटल कधी: नवीन डोकेदुखी जी झोपून, खाऊन, गोळी घेऊनही जात नाही. कडेचं दिसत नाही, म्हणजे रस्ता क्रॉस करताना बाजूची रिक्षा एकदम समोर आल्यासारखी वाटते, दाराच्या चौकटीला खांदा आपटतो. एकाचे दोन दिसतात. अचानक प्रचंड डोकं दुखून उलट्या, हे तर थेट कॅज्युअल्टी, गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो. आणि ५ महिन्यांनंतर डोकं दुखलं तर गाठीचंच असेल असं धरून बसू नका, आधी बीपी मोजा, ते वाढलेलं असेल तर वेगळं आणि तितकंच तातडीचं असतं.

गाठ वाढलीच तर उपाय आहेत. बहुतेक वेळा गोळी परत सुरू करतात आणि तेवढ्याने आटोक्यात येते. त्यानेही नाही झालं तर ऑपरेशन, दिवस भरत आले असतील तर डिलिव्हरी आधी करणं.

ठरवलं नसताना दिवस राहिले तर? "ट्यूमर आहे, पाडून टाका" असं कोणी म्हणालं म्हणून लगेच काही करू नका. आधी एंडोला भेटा, बऱ्याच जणींची प्रेग्नन्सी नीट पार पडते. आणि पूर्ण माहिती घेऊन तुम्हीच नको ठरवलं तर कायद्याने २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मताने गर्भपात होतो, १८ वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती लागते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही.

११. डिलिव्हरी आणि नंतर

फक्त गाठ आहे म्हणून सिझर लागत नाही, बहुतेक जणींची नॉर्मल होऊ शकते. गाठ मोठी असेल तर सातव्या महिन्यातच गायनॅक, एंडो आणि भूल देणारे डॉक्टर यांच्यात बोलणं होऊ द्या. कॉर्टिसॉल कमी असल्यामुळे ते भरून काढणारी हायड्रोकॉर्टिसोनची गोळी चालू असेल तर डिलिव्हरीच्या वेळी तिचा डोस वाढवायला लागतो, हे फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवा. माहेरी बाळंतपण करणार असाल, कोकणात नाहीतर घाटावर, तर तिथल्या डॉक्टरांना फाइल आधी दाखवून या आणि मुंबईच्या एंडोचा नंबर आईकडे देऊन ठेवा.

बाळाला अंगावर पाजता येतं. पाजल्याने गाठ वाढते असं दिसलेलं नाही, शेजारपाजारचे काहीही म्हणोत. फक्त कॅबरगोलिन सुरू केली की दूध बंद होतं, म्हणून नजर ठीक असेल तर डॉक्टर सहसा पाजणं संपेपर्यंत थांबतात. बाळंतपणात सलाइनच्या वेळी कोणी "दूध बंद करायची गोळी" लिहिली तर विचारल्याशिवाय घेऊ नका.

डिलिव्हरीनंतर परत एमआरआय कधी करायचा ते विचारून ठेवा, मॅक्रोवाल्यांनी तर टाळूच नये, बाळाच्या गडबडीत हाच राहून जातो. पाजणं बंद झाल्यावर काही आठवड्यांनी प्रोलॅक्टिन. काही जणींचं बाळंतपणानंतर आपोआप नॉर्मल होतं आणि गोळी परत लागतच नाही, काहींना सुरू करायला लागते, मला लागली, पण आधीपेक्षा कमी डोसवर. पाजत असताना पाळी येत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, दुसऱ्या बाळात किती अंतर ठेवायचं ते एंडोबरोबर ठरेपर्यंत कंडोम किंवा तांबी, जे गायनॅक सांगतील ते.